चाळणवाल्यांच्या गल्लीतलं अंगण

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एकाच शहराचे दोन नकाशे आहेत. एक आजचा. दुसरा तुमच्या पणजोबांच्या काळातला, शाईनं काढलेला, घड्यांवर विरलेला. जुना नकाशा नव्यावर असा बसवायचा आहे, की तेव्हाची अमुक गल्ली आज कुठे येते ते बोट ठेवून सांगता यावं. काम सोपं वाटतं. पण जुना कागद कुठे ताणलेला असतो, कुठे आक्रसलेला. म्हणून आधी खुंट्या शोधाव्या लागतात. खुंटी म्हणजे तेव्हाही होती आणि आजही तिथेच आहे अशी जागा: शाळेचा कोपरा, पुलाचं टोक, जुन्या भिंतीचं वळण. अशा चारपाच खुंट्यांवर कागद ठोकला, की मधला भाग आपोआप जागेवर येतो.

तुम्ही खुंट्या शोधू लागता. शहराच्या मधोमध, जिथे सगळं सपाट करून रुंद रस्ता आणि थोराड इमारती उभ्या केल्या आहेत, तिथे एक छोटंसं चर्च दोन्ही नकाशांवर सापडतं. तुम्ही खूश होऊन तिथे खुंटी ठोकता. लगेच नदी टेकडीवर चढते, रेल्वे स्टेशन कुणाच्या तरी बागेत शिरतं आणि सगळं शहर पिळलेल्या टॉवेलसारखं दिसायला लागतं.

परका माणूस इथे डोकं धरून बसेल. बुखारेस्टचा माणूस हसेल. कारण ते चर्च चाललेलं आहे. मोहल्ला पाडायचा हुकूम वरून आला, तेव्हा काही इंजिनियरांनी ते पाडू दिलं नाही. पायापासून सोडवलं, खाली रूळ घातले आणि घंटेसकट हळूहळू सरकवत दुसऱ्या जागी नेऊन ठेवलं. आता ते उंच इमारतींच्या पाठीमागे, कचऱ्याच्या डब्यांच्या शेजारी उभं आहे. मेणबत्त्या लागतात, लग्नं होतात. फक्त जागा ती नाही.

वेतुरिया चेर्नात बुखारेस्टची होती आणि त्यातही टेकडीवरच्या त्याच पाडलेल्या मोहल्ल्यातल्या चाळणवाल्यांच्या गल्लीतली. त्यामुळे तिनं ती चूक केली नाही. नकाशा हातात आला त्याच दिवशी तिनं लाल पेन्सिलीनं चर्चवर फुली मारली आणि शेजारी लिहिलं, ‘खोटारडी खुंटी’. तिची चूक इथेच झाली. ही चूक करायलाही त्याच गल्लीतलं माणूस लागतं.

वेतुरियानं आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढले. कुठला नळ कुठून वळतो, कुठे झडप आहे, कुठला जुना म्हणून सोडून दिला. तिच्या पेन्सिली सुरीनं तासलेल्या असत आणि त्यांना हात लावलेला तिला खपत नसे. रेघ खोडली तरी कागदावर दाब राहतो, कागद तिरका धरला की दिसतो, हे तिनं पहिल्याच वर्षी शिकून घेतलं होतं. निवृत्तीनंतर तिनं संगणकावर नकाशे बसवायचा वर्ग लावला. वर्गातल्या बाकीच्यांना शहराचा इतिहास हवा होता. तिला आपलं अंगण हवं होतं.

अंगण हवं होतं ते तिच्या आईला, प्रोफिराला.

वेतुरियाचे वडील इलारिये थंडीच्या दिवसांत गेले, घर पाडायच्या आधीच्या हिवाळ्यात. प्रोफिरा गॅसच्या सिलिंडरच्या रांगेत उभी होती. घरी आली तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दाराशी अंगणात पडलेले होते, हातात लाकडाची मोळी. जाताना माणसाच्या हातात पेटलेली मेणबत्ती असावी लागते, नाहीतर पुढची वाट अंधारात काढावी लागते. इलारियेच्या हातात मोळी होती. वसंतात घर गेलं. वेतुरिया तेव्हा डॅन्यूबच्या काठी, शिक्षण संपल्यावर सरकारनं नेमून दिलेल्या पहिल्या नोकरीवर होती. बापाच्या दफनाला ती कशीबशी पोहोचली, बर्फातून येऊन बर्फातून परत गेली. तिथली नेमणूक संपवून आली तेव्हा गल्ली नव्हती.

मग प्रोफिराचं दरवर्षीचं दुखणं सुरू झालं. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, उजाडायच्या आत, घरातले गेलेले लोक आपापल्या अंगणात परत येतात. थंडीत लांबून आलेले असतात. त्यांच्यासाठी अंगणात काटक्यांचा विस्तव करायचा, शेजारी खुर्ची मांडायची, धूप घालायचा, पाण्याची धार धरायची. पण अंगणच नाही तर माणूस येणार कुठे? आणि ज्याच्या हातात दिवा नाही, त्याला नवीन पत्ता कसा सापडणार?

“तो तिथेच येत असणार,” प्रोफिरा म्हणायची. “बघत असेल, घर कुठंय, प्रोफिरा कुठंय. आणि वरून बसगाड्या जात असतील.”

वर्षानुवर्षं तिनं चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत पत्र्याच्या डब्यात विस्तव केला. मागच्या वर्षी खालच्या मजल्यावरचं वाळत घातलेलं कापड काळं झालं आणि इमारतीत गहजब उडाला. त्या दिवशी प्रोफिरानं ठणकावून सांगितलं, “पुढच्या वर्षी मी माझ्या अंगणात पेटवीन. वेता, तू आयुष्यभर लोकांचे नळ शोधलेस. आता माझं दार शोध. माझे गुडघे अजून एक वर्ष चालतील, त्यापुढचं मी सांगत नाही.”

“शोधते,” वेतुरिया म्हणाली. एवढंच. पण ज्यांना ती माहीत होती त्यांना कळलं असतं, की आता ही बाई मागे फिरायची नाही.

गल्ली सापडायला फार वेळ लागला नाही. टेकडीपलीकडची शाळा, जुन्या पुलाचं टोक, एका छापखान्याचा कोपरा आणि एका दवाखान्याची दगडी कमान, या चार खुंट्यांवर तिनं नकाशा बसवला. चाळणवाल्यांची गल्ली रुंद रस्त्याला तिरकी छेदून पलीकडच्या हिरवळीत शिरली आणि एका मोठ्या वाहनतळाच्या कडेनं उतरत गेली. वेतुरिया तिथे जाऊन चालून आली. रस्ता ओलांडताना नेहमी तिचे पाय आपोआप तिरके पडत, लोक हॉर्न वाजवत. आज तिला कळलं, पाय बरोबर होते.

अडलं ते पुढे. त्यांचं घर त्या नकाशावर नव्हतंच. नकाशा झाला तेव्हा तिथे एक लांबलचक फळबाग होती, ठिपक्याठिपक्यांनी दाखवलेली. बागेचे तुकडे पुढे पडले, घर त्यानंतर आजोबांनी बांधलं. म्हणजे गल्ली सापडली, पण गल्लीच्या कुठल्या भागात दार, ते कोण सांगणार?

“मी सांगते,” प्रोफिरा म्हणाली. ती टेबलापाशी बसून मसूर निवडत होती. “स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहिलं, की समोर चर्चचा सुळका. बरोब्बर पावभट्टीच्या चिमणीवर.”

“कुठल्या चर्चचा?”

“आपल्या. दुसरं कुठलं होतं?”

वेतुरियानं पट्टी घेतली. पावभट्टी जुनी होती. तिची चिमणी नकाशावर छोट्या गोलानं दाखवलेली होती. दोन जागा ठाऊक असल्या की रेघ काढता येते, आणि रेघ जिथे गल्लीला कापेल तिथे खिडकी. चर्चच्या मूळ जागेपासून तिनं चिमणीपर्यंत रेघ काढली आणि पुढे नेली. रेघ गल्लीकडे फिरकलीच नाही. फळबागेला पाठ दाखवून ती सरळ जुन्या सैनिकी गोदामांवर गेली.

“आई, हे जमत नाही.”

“पट्टी नीट धर.”

“पट्टी नीट आहे. चर्च टेकडीच्या मागच्या अंगाला होतं. आपल्या स्वयंपाकघरातून ते दिसणंच शक्य नाही. मलाही आठवतंय, खिडकीतून कबुतरांचं खुराडं दिसायचं आणि त्याच्यावर आकाश.”

“सुळका दिसायचा. मी भांडी घासताना त्याच्याकडे बघून क्रूसाची खूण करायची.”

“आई, रागावू नकोस, पण तुझ्या मनात दोन घरं एकत्र होतायत. तुझ्या माहेरचं चर्च असेल.”

प्रोफिरानं मसुराचं ताट बाजूला सारलं. “म्हणजे मी म्हातारी झाले म्हणून माझी खिडकीसुद्धा म्हातारी झाली का? तू त्या खिडकीत किती भांडी घासलीस गं? तू तर कायम पुस्तकात नाक खुपसून!”

त्या दिवशी दोघी वेगवेगळ्या जेवल्या. वेतुरियानं आईचं म्हणणं वहीतून काढून टाकलं. चांगल्या मोजणीत एखादं निरीक्षण बाकीच्यांशी जुळत नसेल तर वगळायचं, हे तिला शिकवलं होतं आणि तिनं तसंच केलं. मग तिनं गल्लीतल्या जुन्या लोकांना गाठायला सुरुवात केली. शहराच्या चार कोपऱ्यांत विखुरलेले. एकानं घर गल्लीच्या वरच्या टोकाला सांगितलं, दुसरीनं खालच्या. तिसरा म्हणाला, “तुमचं घर? तुमच्याकडे तो चावरा कुत्रा होता ना? मग मी त्या बाजूला कधी गेलोच नाही.” वेतुरिया प्रत्येकाचं म्हणणं नकाशावर टिंबांनी मांडत होती आणि टिंबं बागभर पसरत होती. त्यातल्या कुठल्याही टिंबावर आईला नेऊन म्हणता आलं असतं, ‘हे घे तुझं अंगण.’ आई विश्वास ठेवून बसली असती. पण वेतुरियाला ते करवत नव्हतं. नळाची झडप अदमासानं दाखवली तर खणणारा भलतीकडेच खणतो आणि घरं कोरडी राहतात. इथे तर बाप येणार होता.

ईस्टरचा आठवडा आला. बुधवारी सकाळी प्रोफिरानं कणीक भिजवली, गुरुवारच्या वळलेल्या पावांसाठी. वेतुरिया आतल्या खोलीत नकाशा पसरून बसली होती. शेजारच्या लेओन्तिनाबाई अंडी रंगवायला कांद्याची सालं मागायला आल्या आणि दारातच थांबल्या.

“प्रोफिराबाई, यंदा बाल्कनीत नाही ना पेटवायचं? माझा नातू दम्याचा आहे हो.”

“यंदा अंगणात.”

“अंगण कुठून आणलंत?”

“मुलगी शोधतेय. मी सांगितलेलं तिला पटत नाही, तिचं तिनं शोधावं.” प्रोफिराचा आवाज मुद्दाम आतल्या खोलीपर्यंत पोहोचेल असा होता.

“यजमानांना जाऊन किती वर्षं झाली?”

“वर्षं कशाला मोजायची. चांगला होता माणूस, एक दारू सोडली तर. आणि चर्चची पायरी चढायचा नाही. पाद्रीबाबा रस्त्यात दिसले की हा पावभट्टीत घुसायचा. मी ओरडायची, अरे, ईस्टरला तरी चल! तर म्हणायचा, देवाला माझं काम असेल तर येईल तो.” प्रोफिरानं कणकेवर एक बुक्की मारली. “आणि बघा, आला! एक दिवस खिडकीत उभा राहून हाका मारतोय, प्रोफिरा, धाव, मी जात नाही म्हणून चर्च चालत आलं बघ! हसून हसून लोळला मेला. मग रोज सकाळी खिडकीतून त्या सुळक्याला टोपी काढून नमस्कार करायचा. म्हणायचा, एवढं लांब चालून आलंय, पाहुणा आहे, मान द्यायला हवा.”

लेओन्तिनाबाई हसल्या. आतल्या खोलीत पट्टी जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

वेतुरिया दारात उभी होती. “आई, हे बाबा कधी म्हणाले?”

“कधी म्हणजे? तो गेला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. रूळ घालून ते आणलं तेव्हा. तू कुठे होतीस, तू तिकडे डॅन्यूबच्या डासांत.”

“म्हणजे त्याआधी खिडकीत सुळका नव्हता?”

“त्याआधी कबुतरं होती.”

“मग तू मला हे सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस का? तू मला म्हणालीस, तुझ्या माहेरचं चर्च असेल!”

लेओन्तिनाबाईंनी कांद्याची सालं उचलली आणि हळूच निघून गेल्या.

वेतुरिया परत नकाशापाशी बसली. तिचे कान तापले होते. आई बरोबर होती, तीही बरोबर होती. दोघींच्या खिडक्यांमध्ये एक उन्हाळा होता. तो उन्हाळा, नंतरचा शरद आणि हिवाळा, एवढाच काळ ते चर्च नव्या जागी आणि ती गल्ली जुन्या जागी, अशी दोघं एकमेकांना बघत उभी होती. मग गल्ली गेली. आणि ज्या चर्चला ‘खोटारडी खुंटी’ म्हणून तिनं फुली मारली होती, त्यानंच तिचं स्वयंपाकघर शेवटपर्यंत डोळ्यांसमोर ठेवलं होतं. पायानं ढळलेलं, तरी डोळ्यांनी पाहिलेलं. आणि ते आजही तिथेच होतं. त्याच्यापर्यंत जाऊन मोजमाप घेता येत होतं.

तिनं लाल फुली खोडली. दाब राहिला. राहू दे, तिनं मनात म्हटलं.

या वेळी रेघ चर्चच्या आजच्या जागेपासून निघाली, पावभट्टीच्या चिमणीच्या गोलातून गेली आणि फळबागेच्या खालच्या अर्ध्या भागात चाळणवाल्यांच्या गल्लीला स्वच्छ कापून गेली. विखुरलेल्या टिंबांपैकी एकही तिथे नव्हतं. वेतुरियानं रेघ तीनदा पुन्हा काढली. मग कोट चढवला आणि जागा बघून आली. आल्यावर आईच्या शेजारी ओट्यापाशी उभी राहून ती पाव वळू लागली.

“सापडलं?” प्रोफिरानं न बघता विचारलं.

“तुझ्या खिडकीनं शोधून दिलं.”

“कणीक घट्ट वळ,” प्रोफिरा म्हणाली. पण तिनं पिठाच्या हातानं मुलीच्या गालावर एक टिचकी मारली आणि गाल पांढरा झाला.

गुरुवारी उजाडायच्या आधी टॅक्सी वाहनतळाच्या कडेला थांबली. प्रोफिरा उतरली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. वेतुरियानं काटक्यांची जुडी, घडीची खुर्ची, पाण्याचं भांडं आणि धुपाचं मातीचं बोळकं घेतलं. हिरवळीच्या कोपऱ्यात तिनं आदल्या दिवशी एक खिळा रोवून ठेवला होता. नळवाले रोवतात तसा, चिंधी बांधून.

काटक्या रचून होतात न होतात तोच पहारेकऱ्याची टॉर्च त्यांच्यावर आली.

“ओ बाई, काय चाललंय? इथे आग पेटवता येत नाही.”

“आग नाही रे बाबा, विस्तव,” प्रोफिरा म्हणाली. “आज कुठला गुरुवार आहे ते तुझ्या आईला विचार.”

“गुरुवार माहितीये मला. पण हे वाहनतळ आहे.”

“वाहनतळ तिकडे. हे माझं स्वयंपाकघर. तू दारात उभा आहेस, जरा बाजूला हो.”

पहारेकरी नकळत दोन पावलं बाजूला झाला. मग आपण का सरकलो असं वाटून त्यानं वेतुरियाकडे पाहिलं. “मॅडम, तुम्ही तरी सांगा यांना. वरून साहेबानं पाहिलं तर माझी नोकरी जाईल.”

“साहेब उठायच्या आत विझेल,” वेतुरिया म्हणाली. “राख मी भरून नेईन. पण पेटणार इथेच. दोन हात इकडे नाही, दोन हात तिकडे नाही.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. पहारेकऱ्यानं एकदा काटक्यांकडे, एकदा खुर्चीकडे पाहिलं. “खुर्ची कुणाला?”

“नवऱ्याला,” प्रोफिरा म्हणाली.

त्यानं टॉर्च विझवली. “आमच्या गावाकडे खुर्चीवर कापड घालतात,” तो पुटपुटला, “नुसती ठेवत नाहीत,” आणि गाड्यांच्या रांगेकडे चालायला लागला.

“घातलं असतं, वेळ तर दे!” प्रोफिरा त्याच्या पाठीवर ओरडली आणि पिशवीतून धुतलेला टॉवेल काढला.

काटक्या धुरकटत पेटल्या. प्रोफिरानं धूप घातला, पाण्याची धार धरली, वळलेले पाव टॉवेलवर मांडले. मग पदराआडून आणल्यासारखी कोटाच्या आतून एक मेणबत्ती काढली, पेटवली आणि खुर्चीच्या बाजूला मातीत रोवली. “इलारिये,” ती म्हणाली, “हे घे. त्या दिवशी मी रांगेत होते. गॅस मिळालाच नाही, तेही सांगायचं राहून गेलं होतं.”

वेतुरिया मागे उभी राहिली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. ती चिमणीच्या दिशेनं बघत होती, जी आता नव्हती. त्यापलीकडे उंच इमारतींची रांग, आणि रांगेमागे चर्च, न दिसणारं. रेघ बरोबर होती.

प्रोफिरानं आणखी एक काटकी विस्तवात सारली. मग तिनं मान वर केली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि काठीनं जमिनीवर टकटक केलं.

“जागा हीच आहे,” ती म्हणाली. “पण वेता, आपण खाली आहोत.”

“खाली म्हणजे?”

“आपलं अंगण वर होतं. गल्लीतून यायला चढ लागायचा, मी पाण्याची बादली घेऊन धापा टाकायची. इथे बघ, तळहातासारखं सपाट. टेकडी कापलीय त्यांनी.” तिनं काठी उचलून डोक्यावरच्या दिव्याच्या खांबाकडे रोखली. “तो तिथे कुठेतरी आला असणार. वर. आणि आपण इथे खड्ड्यात बसून त्याला पाव दाखवतोय.”

वेतुरियानं वर पाहिलं. आई खरं बोलत होती. तिनं डावंउजवं शोधलं होतं, पुढचंमागचं शोधलं होतं. उंची तिच्या डोक्यातच आली नव्हती. जुन्या नकाशावर उंचीचे आकडे गल्लीच्या दोन टोकांना होते, बागेत एकही नाही. तिच्या मनात पट्टी पुन्हा फिरू लागली. चर्चचा सुळका आजही मोजता येईल. त्या सुळक्यावरून उतरत येणारी एक रेघ, चिमणीच्या तोंडाला स्पर्शून, थेट खिडकीत.

“आई, तुला नीट आठवतंय का, क्रूस चिमणीच्या किती वर दिसायचा?”

“वर कुठला? टेकलेला असायचा. चिमणीवर कुणी ठेवल्यासारखा.”

“सगळा क्रूस दिसायचा?”

“खालच्या गोळ्यासकट. तुझा बाप म्हणायचा, पाववाल्यानं नवीन झाकण बसवलंय.”

धूर सरळ वर चढत होता, दिव्याच्या खांबाच्या बाजूनं. आकाश फटफटत होतं. रुंद रस्त्यावरून पहिली बस गेली. वेतुरियानं खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, पावाच्या कागदी पुड्याची एक बाजू फाडून घेतली आणि विस्तवाच्या उजेडात उकिडवी बसली. सुळका होता, क्रूस होता, खिडकीची जागा होती. एकच आकडा राहिला होता, आणि तो सांगणारा पाववाला कुठे गेला, किंवा त्याच्या भट्टीत काम केलेलं कुणी अजून या शहरात आहे का, हे तिला माहीत नव्हतं. तिनं आईकडे पाहिलं.

“आई, ती पावभट्टीची चिमणी किती उंच होती गं?”